वहीतला माणूस

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गिरगावातून काळबादेवीपर्यंत पायी एक फेरी मारावयाची, हा माझा लहानपणापासूनचा परिपाठ आहे. पूर्वी वडिलांचे बोट धरून जात असे, आता नातीचे बोट धरून जातो. तेव्हा दुकानोदुकानी गाद्यांवर पांढरीशुभ्र चादर अंथरलेली असे आणि चौरंगावर लाल कापडी बांधणीची नवी कोरी वही. पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढलेली, शेजारी स्वस्तिक, वर विड्याचे पान, सुपारी आणि एक रुपया. आज त्याच दुकानांतून चौरंगावर संगणक बसलेला दिसतो. पडद्याच्या कोपऱ्याला हळदकुंकवाची दोन बोटे लागलेली असतात आणि कळफलकावर झेंडूचे फूल ठेवलेले असते. पुष्कळांना याचे हसू येते. गेल्या वर्षी माझ्या नातीलाही आले. मला मात्र ते येत नाही. कारण त्या यंत्राच्या पोटात जे काही आहे ती वहीच आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. त्या वहीची कुळकथा आज वाचकांना सांगावयाची आहे.

ती सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो. माझा जन्म लालबागच्या चाळीतला. वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, एका कापडगिरणीच्या हजेरी कचेरीत कारकुनी होती. आणि माझी स्वतःची तीसएक वर्षे लहानमोठ्या धंद्यांना त्यांची माहिती यंत्रात कशी साठवावी हे ठरवून देण्यात गेली. या साठ्याला आज शाळेतली मुलेसुद्धा 'डेटाबेस' म्हणतात. बाप मस्टर लिहीत होता आणि मुलगा डेटाबेस मांडीत होता. दोघांचा धंदा एकच होता हे समजावयास मला फार वर्षे लागली, आणि तेही एक मोठी चूक केल्यावर समजले.

प्रथम वहीचेच पाहू. आपल्याकडच्या पेढीवर मुख्यतः दोन वह्या. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. आज जे जे घडले ते घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरावयाचे. आणि रात्री दुकानाची फळी लागली की तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या पानावर खतावून टाकावयाचे. रोजकीर्दीच्या समासात खतावणीचे पान आणि खतावणीच्या समासात रोजकीर्दीचे पान टिपलेले असे, म्हणजे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाता येई. 'आज काय झाले?' या प्रश्नाला एक वही उत्तर देई आणि 'अमक्याकडे आपले किती येणे?' याला दुसरी. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या गणिती साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात तिकडच्या व्यापाऱ्यांची अशीच पद्धत सविस्तर लिहून ठेवली आहे. माणसाला उसनवारी जडली तेव्हापासून सगळीकडच्या पेढ्यांना हेच दोन प्रश्न पडत आले असावेत.

परंतु या सोयीची एक किंमत होती. एकच रक्कम दोन ठिकाणी लिहावयाची म्हटली की दोन्हीकडे ती सारखीच उतरेल याची खात्री कोण देणार? म्हणून मेळ. मेळ बसेपर्यंत दिवा मालवावयाचा नाही, हा जुन्या मुनिमांचा दंडक. पुढे यंत्राच्या जगात या विषयावर मोठमोठे ग्रंथ झाले. पण त्यांचे बीज या दिव्याखालीच आहे. जी गोष्ट दोनदा लिहिली ती कधी ना कधी दोन तऱ्हांनी लिहिली जाणार.

आता गिरगाव ओलांडून परळ-लालबागकडे येऊ. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून तिथे सूत निघू लागले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सगळा मुलूख धुरांड्यांनी भरून गेला. पेढीवर शंभर खाती असत; इथे एकेका दरवाजातून तीन पाळ्यांत हजारो माणसे आत-बाहेर करू लागली. ती माणसे ओळखणार कोण? प्रथम हे काम जॉबरचे होते. जॉबर माणूस आणी, जॉबर त्याला कामावर लावी, जॉबरच त्याला काढी. गिरणीची माणसांची वही म्हणजे जॉबरचे डोके! गैरहजर माणसाच्या जागी उभे राहावयाला सकाळी दरवाजापाशी बदलीवाल्यांची जी गर्दी उभी राही, तिच्यातून कोणाला आत घ्यावयाचे हेही तोच ठरवी. त्यात चिरीमिरी आली, वशिला आला, गाववाला आला. अखेर १९३५ साली मालकांच्या संघाने बदलीवाल्यांना कार्डे देऊन त्यांची रीतसर नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. जॉबरच्या डोक्यातली वही कागदावर यावयाला लागली ती अशी.

पुढे कायदे आले. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला आणि तो ज्या पहिल्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापडधंदा होता. १९५४ साली मुंबईत कामगार विमा योजना आली. कामगाराच्या दृष्टीने ही दोन्ही मोठीच कामे झाली. पण हजेरी कचेरीच्या दृष्टीने काय झाले, ते नाना सांगत असत. माणूस एकच, पण त्याची नोंद चार ठिकाणी. मस्टरवर तिकीट नंबर, पगारपत्रकावर पुन्हा नाव, फंडाच्या कागदावर फंडाचा नंबर, विम्याच्या कार्डावर विम्याचा. चारही ठिकाणी चार वेगवेगळ्या कारकुनांनी, चार वेगळ्या दिवशी, माणसाने तोंडाने सांगितलेले नाव इंग्रजीत लिहिलेले. कोणी 'व्ही' घातला, कोणी 'डब्ल्यू'. कोणी आडनाव लिहिले, कोणी गावाचे नाव लिहिले. कोकणातून आलेल्या माणसाला आडनाव विचारले तर तो कधी कुळाचे सांगे, कधी वाडीचे. नाना म्हणत, "अरे, गिरणीत कामाला एक मनुष्य येतो, पण घरी चार जातात!"

असाच घोटाळा साऱ्या जगात चालला होता आणि त्यावर यंत्राचा उपाय शोधला जात होता. अमेरिकेत १८९० च्या खानेसुमारीसाठी हर्मन हॉलेरिथने भोकांची कार्डे मोजणारे यंत्र बसवले. एक माणूस म्हणजे एक कार्ड, आणि एक भोक म्हणजे त्याच्याविषयीची एक गोष्ट. मुंबईलाही हे वारे लवकरच लागले. १९५६ साली २४५ विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि त्याची मुख्य कचेरी मुंबईत आली. इतक्या कंपन्यांच्या इतक्या तऱ्हांच्या वह्या एका घरात नांदवावयाच्या म्हणजे केवढे काम, याची कल्पनाच करावी. त्या दशकाच्या अखेरीस महामंडळाने कार्डांची यंत्रे आणली आणि १९६४ साली संगणक. तिकडे कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० साली सुरू झाला होता. 'टिफ्रॅक' हे त्याचे नाव १९६२ साली पंडित नेहरूंनी ठेवले. पण ते शास्त्रज्ञांचे यंत्र. धंद्याच्या कामाची कथा निराळी. १९६८ साली टाटांनी संगणकसल्ल्याचा जो स्वतंत्र विभाग मुंबईत उघडला, त्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधला मेळ घालण्याचे काम होते. नागपूरच्या शाखेने हुंडी लिहिली आणि गिरगावच्या शाखेने पैसे दिले, तर दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींना भेटल्या पाहिजेत. म्हणजे तोच जुना, रात्रीच्या दिव्याखालचा मेळ!

यंत्र आले, तरी आजार मात्र तोच राहिला. पगाराच्या कामाला पगाराची कार्डे, फंडाच्या कामाला फंडाची कार्डे, आणि दोहोंवर तोच माणूस दोनदा. शिवाय माहिती यंत्रात कोणत्या कप्प्यात, कोणत्या वाटेने ठेवली आहे हे प्रत्येक कामाच्या आज्ञावलीला पाठ असावे लागे. कप्पा हलवला की सगळी कामे अडली. अमेरिकेत चार्ल्स बाकमन यांनी साठ सालानंतर सगळ्या कामांना मिळून एकच साठा ठेवण्याची व्यवस्था बांधली, पण त्या साठ्यात शिरावयाचे म्हणजे वाटाड्याच लागे. मग जून १९७० मध्ये आय.बी.एम.च्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड नावाचे मूळचे इंग्रज गणिती पुढे आले आणि त्यांनी एक साधी दिसणारी गोष्ट सांगितली. माहिती नुसत्या तक्त्यांत ठेवा. एका ओळीत एक वस्तू. त्या ओळीची खूण पटावी असा एक रकाना ठेवा. दोन तक्त्यांचे नाते वाटांनी न जोडता त्या खुणेने जोडा. आणि कोणतीही गोष्ट एकाच जागी लिहा, दुसऱ्या जागी फक्त तिची खूण टिपा. आजही जगातल्या बहुतेक बँका, रेल्वे आणि दुकाने याच विचारावर चालतात. १९८१ साली कॉड यांना संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्यानंतरचे वर्ष गिरणगावाच्या कपाळी निराळे लिहून आले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरातले कामगार बाहेर पडले आणि त्यांतले फार थोडे पुन्हा आत गेले. संप रीतसर कोणी मागे घेतलाच नाही, तो विरून गेला आणि त्याबरोबर चाळीतली चूलही. नाना कारकून, म्हणजे संपातही नाहीत आणि पगारातही नाहीत, अशा अवस्थेत दोन वर्षे काढून घरी बसले. भोंगा बंद पडल्यावर त्यांना पहाटे जाग येत असे आणि काय करावे ते सुचत नसे.

याच सुमारास देशात संगणकाचे दार किलकिले झाले. आय.बी.एम. १९७८ साली हिंदुस्थान सोडून गेली होती. १९८३ साली बँकांचा आणि कर्मचारी संघटनांचा यंत्रांविषयी करार झाला, १९८४ च्या अखेरीस सरकारने संगणकाचे नवे धोरण आणले, आणि मग दादरला गल्लोगल्ली क्लास निघाले. मी १९८७ साली रानडे रोडजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर नाव घातले. फीसाठी आईने भिशी उचलली होती. चपला बाहेर काढून आत जावयाचे, कारण आत वातानुकूलित खोली! चार यंत्रे, विद्यार्थी वीस. तास भरला की उठून दुसऱ्याला जागा द्यावयाची. शिकवावयाचे होते 'डीबेस थ्री प्लस'. पडद्यावर एक नुसता ठिपका लुकलुके आणि त्या ठिपक्यापुढे आपण आज्ञा लिहावयाची. 'क्रिएट' म्हटले की नवी फाइल, 'अपेंड' म्हटले की नवी ओळ, 'इंडेक्स' म्हटले की अकारविल्हे आणि 'सीक' म्हटले की शोध. सहा महिन्यांत मला साऱ्या आज्ञा मुखोद्गत झाल्या. पण फाइल कोणती करावी, तीत रकाने कोणते असावेत आणि का, हे ना कोणी शिकवले ना आम्ही विचारले. गवंडीकाम शिकलो, पण घर कोणासाठी बांधावयाचे आहे हे राहूनच गेले.

पहिले काम मिळाले ते गिरणगावातल्याच एका पतपेढीचे. हजारभर सभासद, बहुतेक गिरणीतले, आणि संपानंतर कोणी भाजी विकणारे, कोणी पहारेकरी. मी मोठ्या हौसेने एक फाइल केली आणि तीत सारे कोंबले. नाव, पत्ता, ठेव, कर्ज, हप्ता, पहिला जामीन, दुसरा जामीन. शोध नावावर लावला. खिडकीवर माणूस आला की नाव लिहावयाचे, यंत्र त्याची ओळ काढून देई. मंडळी थक्क झाली, मी फुशारलो.

सहा महिन्यांनी एक वयस्कर गृहस्थ आले. खरे नाव सांगत नाही, समजा, तुकाराम. मुलीच्या लग्नाला ठेव काढावयाची होती. यंत्राने सांगितले, ठेव सहा महिन्यांपूर्वी होती तेवढीच. ते म्हणाले, "अहो, मी दर महिन्याला भरलेत. एकसुद्धा खाडा नाही." पावत्या त्यांच्यापाशी होत्या. मला घाम फुटला. रात्रभर बसून शोधले तेव्हा सापडले. एकाच गावचे, एकाच नावाचे, बापाचेही नाव एकच असलेले दोन तुकाराम सभासद होते, आणि 'सीक' ही आज्ञा त्या नावाची जी पहिली ओळ भेटेल तिथे थांबते. दुसऱ्या तुकारामाचा प्रत्येक हप्ता पहिल्याच्या खात्यावर जाऊन पडला होता. पहिल्यानेही त्यातले थोडे काढले होते. आपलेच व्याज वाढले असेल, असे त्या बिचाऱ्याला वाटले! सुदैव एवढेच, की पेढीच्या म्हाताऱ्या कारकुनाचा माझ्या यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता आणि तो गुपचूप जुनी खतावणी लिहीतच होता. त्या खतावणीने लग्न वाचवले.

घरी येऊन नानांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "नावावर हजेरी लावतोस होय रे? आमच्या खात्यात एका वेळी सात तुकाराम होते. म्हणून तर तिकीट."

मी म्हटले, "मग तिकीट नंबरच घालतो."

"तेही चालायचे नाही. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा नंबर नव्या माणसाला देत. दहा वर्षांनी फंडाचा कागद आला की कोणता माणूस ते कळेना. नंबर एकदा दिला तो मेल्यावरसुद्धा दुसऱ्याला द्यावयाचा नाही. आणि त्या नंबरात काही अर्थ घालू नकोस, खाते नाही, पाळी नाही. माणसाची पाळी बदलते, खाते बदलते. माणूस बदलत नाही."

कॉड यांचे नावही न ऐकलेला मनुष्य हे बोलत होता. पुढचे आठ दिवस आम्ही बापलेक जेवणे झाल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारीत बसलो. सभासदांची वही निराळी झाली, खात्यांची निराळी, व्यवहारांची निराळी. सभासदाचे नाव आणि पत्ता एकाच जागी. बाकी सगळीकडे त्याचा नंबर तेवढा. पत्ता बदलला तर एका ओळीत बदलला की झाले. जामिनापाशी मी अडलो. एका कर्जाला दोन जामीन, म्हणून मी दोन रकाने ठेवले होते. नानांनी विचारले, "एखादा जामीनदार वारला तर तो कोणकोणाला जामीन होता हे कसे काढशील?" सगळी वही चाळावी लागली असती. मग जामिनांची चौथी वही झाली. प्रत्येक ओळीत एक कर्जाचा नंबर आणि एक सभासदाचा नंबर, बस्स. एक माणूस कितीही जणांना जामीन राहो, एका कर्जाला कितीही जामीन असोत, दोन्ही बाजूंनी शोध लागे. आज महाविद्यालयांत हे निराळ्या भारदस्त नावांनी शिकवतात. मी ते लालबागच्या खोलीत, बाहेरच्या सार्वजनिक नळाला पाणी येण्याची वाट पाहत शिकलो.

एक गोष्ट मात्र नानांनी बजावून सांगितली आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्रात जुना आकडा पुसून त्या जागी नवा लिहिणे फार सोपे असते. 'रिप्लेस' म्हटले की जुना आकडा होता याची खूणसुद्धा उरत नाही. नाना म्हणाले, "मस्टरवर आम्हांला खाडाखोड करावयाची बंदी होती. चुकले तर तांबडी रेघ मारून खाली दुरुस्ती आणि सही. खालचे वाचता आले पाहिजे. आज जे खोटे वाटते ते काल खरे होते, आणि उद्या कोणाला तरी कालचेच लागेल." म्हणून आम्ही व्यवहाराच्या वहीतून काही पुसावयाचेच नाही असे ठरवले. चुकीची नोंद तशीच राहू द्यावयाची, खाली उलटी नोंद करावयाची. यंत्राची जागा फार खर्ची पडते अशी पेढीवाल्यांनी कुरकूर केली. त्या काळच्या फ्लॉपीत मावे तरी किती! पण नानांचा हट्ट चालला.

त्या 'उद्या कोणाला तरी कालचेच लागेल' याचा अर्थ मला समजला तो वीस वर्षांनी, आणि तो गिरण्यांच्याच निमित्ताने.

१९८९ साली दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. गिरण्या बंद पडल्या होत्या, जमिनींचे भाव मात्र आभाळाला भिडत होते. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे वाटप करण्याचा नियम घातला, २००१ साली तो बदलला. पुढे त्याच जमिनीतल्या वाट्यावर कामगारांना घरे देण्याचे ठरले आणि २०१२ साली पहिल्या ६,९२५ घरांची सोडत निघाली. घर कोणाला? तर १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता त्याला, किंवा त्याच्या वारसाला. वाचकहो, या एका वाक्याकडे नीट पाहा. संपाच्या सतरा दिवस आधीच्या तारखेला एखाद्या मस्टरवर एक नाव होते की नव्हते, यावर तीस वर्षांनी एका कुटुंबाचे मुंबईतले घर ठरावयाचे! गिरणी पाडलेली, धुरांडे गेलेले, माणूस वारलेला. उरलेली असली तर एक ओळ. अर्ज आले ते दीड लाखाच्या वर.

आमच्या चाळीतल्या एक काकी तेव्हा माझ्याकडे पत्र्याची पेटी घेऊन आल्या. त्यांचे यजमान साचाखात्यात होते, प्रथम बदली, मग १९८१ च्या सुमारास कायम. पेटीत विम्याचे कार्ड होते, दोन जुन्या पगारचिठ्ठ्या होत्या आणि एक रजेचे पुस्तक. पगारचिठ्ठीवर एक आडनाव, विम्याच्या कार्डावर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. काकी म्हणाल्या, "भाऊ, तीन माणसांशी संसार केला म्हणायचा की काय मी?" त्या हसल्या, पण डोळ्यांना पदर लावूनच.

नाना तोवर वारले होते. त्यांच्या ट्रंकेतली एक वही मला आठवली. गावाच्या मंडळाचे ते बरीच वर्षे चिटणीस होते आणि गावची मुंबईतली माणसे त्यांनी त्या वहीत लिहून ठेवली होती. कोणी आजारी पडला, अपघात झाला, तर कोणत्या गिरणीच्या दरवाजावर निरोप द्यावयाचा हे कळावे, म्हणून. वही उघडली. रकाने आखलेले : अनुक्रम, नाव, वाडी, गिरणी, खाते, तिकीट, विम्याचा नंबर, कधी लागला, कधी सुटला. काकींच्या यजमानांच्या ओळीत आडनावाच्या जागी एक आडनाव होते, त्यावर तांबडी रेघ आणि खाली दुसरे. शेजारी नानांचे बारीक अक्षर : 'गिरणीत वाडीचे नाव लागले आहे.' बदलीच्या काळातला नंबरही खोडलेला, पण वाचता येईल असा, आणि खाली कायम झाल्याचा नंबर व तारीख.

ती वही कोणत्याही कचेरीत पुरावा म्हणून चालणारी नव्हती, हे मलाही ठाऊक होते. पण तिने वाट दाखवली. विम्याच्या कार्डावरचा नंबर आणि वहीतला नंबर एकच होता. वहीतला तिकीट नंबर पगारचिठ्ठीशी जुळत होता, आणि रजेच्या पुस्तकावर तिकीट आणि विमा हे दोन्ही नंबर एकाच पानावर होते. ते पान म्हणजे चार वह्यांमधला दुवा. तीन नावांचा एकच माणूस निघाला. मी कागदावर तक्ता आखून दिला, काकींनी मुलाला घेऊन अर्ज भरला. तपासणीत नाव पात्र ठरले. सोडतीत ते अजून लागावयाचे आहे. पण काकी मला भेटल्या की घराचे बोलत नाहीत. "ह्यांचं नाव लागलं हो कागदावर," एवढेच म्हणतात.

हल्ली तरुण मुले माझ्याकडे विचारावयाला येतात, "काका, डेटाबेस शिकायचा आहे, कुठून सुरुवात करू?" मी त्यांना आज्ञा शिकवीत नाही, त्या यंत्रच शिकवते. मी त्यांना सांगतो, ज्या धंद्यासाठी काम करणार आहात तिथल्या सर्वांत जुन्या कारकुनापाशी आठ दिवस बसा. त्याची वही पाहा. त्याने समासात काय टिपले आहे ते वाचा, कारण छापील रकान्यांत न मावलेले सत्य समासातच सापडते. मग चार प्रश्न विचारा. ही ओळ कोणाची आहे? दोन तुकाराम आले तर कसे ओळखाल? ही गोष्ट आणखी कुठे लिहिली आहे काय? आणि तीस वर्षांनी कोणी आजची तारीख विचारली तर उत्तर देता येईल काय? एवढे जमले की बाकीचे पुस्तकात आहे.

गेल्या लक्ष्मीपूजनाला नात संगणकाला हळदकुंकू लावताना हसली, हे वर सांगितलेच. घरी आल्यावर मी ट्रंकेतून नानांची वही काढली आणि पाटावर ठेवली. कोपरे झिजले आहेत, शाई तपकिरी झाली आहे. तिने विचारले, "आजोबा, ही कसली वही?"

मी तिला काकींच्या यजमानांची ओळ दाखवली. तांबड्या रेघेखालचे नाव तिने बोट ठेवून, अडखळत, पण बरोबर वाचले. मग आपणहून कुंकवाची वाटी पुढे ओढली आणि वहीच्या कोपऱ्याला, अक्षरांना लागणार नाही अशा बेताने, एक बोट लावले.